पहिला घोट घरधन्याचा

माझा भाऊ हेमकांत होळीच्या जरा आधी गेला आणि मला रडू आलं नाही. गावातल्या बायकांनी ते बरोबर हेरलं. सख्खी बहीण, एका आईच्या पोटची, आणि डोळ्याला पदर नाही! अहो, पदर होता, पण तो मी नाकाला लावला होता. त्या खोलीतला वास उदबत्त्यांचा अख्खा पुडा जाळूनही जात नव्हता.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं अशी आपल्याकडे पद्धत आहे. ज्याला पाळायची त्याने खुशाल पाळावी. मी वत्सला. जन्मभर झेडपीच्या शाळेत पोरं शिकवली, आता निवृत्त होऊन शहाद्याला राहते. शाळेपायी तोंडात पुस्तकी मराठी बसली, पण डोकं तापलं की अहिराणीच बाहेर येते. आणि हेमकांतचा विषय निघाला की माझं डोकं तापतंच.

आमचं माहेर प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीच्या काठावर. केळी, ऊस, कापूस, बारमाही पाणी. दारात ओटा, ओट्यावर पितळी कड्यांचा झोपाळा. घरात कशाची म्हणून ददात नव्हती. म्हणजे बिचारा दुःखाने प्यायला लागला असं म्हणायचीही सोय नाही. बायको चांगली, पोरं गुणी, पीक जोमात. हेमकांत प्यायला लागला तो पाहुणचारापायी.

आम्ही गुजर. आमचे निम्मे सोयरे इकडे खानदेशात आणि निम्मे हद्दीपलीकडे गुजरातेत. तिकडे दारूबंदी. चोरून मिळते म्हणतात, पण तिच्यात कोणी काय कालवलं असेल त्याचा भरवसा नाही. म्हणून आमच्या मामांकडची मंडळी हौस फेडायला आमच्या ओट्यावर यायची. सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की विचारूच नका. त्यांचा पुढारी आमचा मामेभाऊ चुडामण. गळ्यात सोन्याची चेन, पोट शर्टाच्या बटणांवर रेललेलं आणि बोलणं असं गोड की ऐकूनच तोंड धुवावंसं वाटावं. घोडी बघायला आलो म्हणायचा. घोडी जरा वेळ बघायची, दातांना हात लावायचा, की गाड्या आमच्या दारात हजर.

त्या मंडळींची एक रीत होती. बाटली कोरी असली, तिचं बूच त्यांच्या डोळ्यांदेखत फोडलं, तरी पाहुणा आधी ओठ लावायचा नाही. पहिला घोट घरधन्याचा. घरधनी प्यायला, त्याला काही झालं नाही, की माल चोख. तिकडच्या चोरट्या दारूच्या भीतीतून निघालेली ही रीत आमच्या ओट्यावर आली आणि तिला मानपानाचं रूप आलं. घरधन्याने पेला नाही उचलला तर पाहुण्याचा अपमान. सगळ्या गुजरांच्या घरात हे चालतं असं नाही, उलट पुष्कळ घरांत दारू उंबऱ्याच्या आत येत नाही. आमच्याच घराला हे डोहाळे लागले.

वडील होते तोवर पहिला घोट ते घ्यायचे. ओठाला लावल्यासारखं करायचे, पेला खाली ठेवायचे आणि शेतावर चक्कर मारायला निघून जायचे. ते गेल्यावर पेला हेमकांतच्या हातात आला. तेव्हा तो पंचविशीतला. उंच, मिशीला पीळ, घोडीवर बसला की रस्त्यातली माणसं थांबून बघायची. त्याने तो पेला एका दमात रिकामा केला आणि चुडामणने त्याची पाठ थोपटली, हा खरा घरधनी म्हणाला. त्या पाठ थोपटण्याने माझ्या भावाचा घात केला. पण नुसतं चुडामणवर खापर फोडून मी मोकळी होणार नाही. हात हेमकांतचा होता, तोंडही त्याचंच.

बाटल्या जितक्या, तितके पहिले घोट. पुढे पाहुणे नसले तरी पहिला घोट होऊ लागला. नंतर तर सकाळी चहाच्या आधी, का तर हात थरथरतात, दाढी करताना कापतं. मी एकदा रक्षाबंधनाला गेले. राखी बांधायला त्याचा हात धरला तर तो पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तडफडत होता. मला म्हणाला, ताई, थंडी वाजते. श्रावणात!

मीना, माझी भावजय. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. तिने या माणसाचं काय काय उपसलं ते मी बघितलंय. हा ओट्यावर झोपाळ्यातच आडवा व्हायचा आणि झोपेत अंथरूण भिजवायचा. पोरंसोरं नाही, मिशा फुटलेला बाप्या! उजाडायच्या आत मीना गोधडी धुऊन मागच्या अंगणात वाळत घालायची, वर आपलं लुगडं पसरायची, म्हणजे शेजारणींना वाटावं लुगडंच आहे. कोपऱ्यात ओकलेलं राखेने झाकायची. जेवणाचं ताट कधी भिंतीवर, कधी तिच्या अंगावर. दामिनी, त्याची पोरगी, दाराची कडी कशी वाजते त्यावरून ओळखायची की आज अभ्यास इथे करायचा की शेजारच्या काकूंकडे पळायचं. आणि गावात हेमकांतभाऊंचं नाव काय, तर दिलदार माणूस. अशा दिलदारीला आग लागो.

मुलगा धीरज. त्याची गोष्ट तर ऐकवत नाही. तो कॉलेजात गेला त्या वर्षी चुडामणची टोळी बसली असताना हेमकांतने त्याला हाक मारली आणि स्वतःच्या हाताने त्याचा पेला भरला. आता माझ्या मागे पहिला घोट याचा, शिकायला नको का, असं सगळ्यांसमोर म्हणाला. मीना आत पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं, असं दामिनी सांगते. बाहेर सगळे हसत होते आणि धीरजला ठसका लागला म्हणून आणखी हसले.

मग हेमकांतला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, लघवी काळ्या चहासारखी. आता डॉक्टरकडे जावं की नाही? छे! आमच्याकडे कावीळ उतरवून घेतात. जवळच्याच एका गावात एक म्हातारा होता. तो हाताला कसलासा पाला चोळायचा आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावायचा. पाणी पिवळंधमक व्हायचं. बघा, कावीळ उतरली! पाणी पाल्याने पिवळं होतं, पाला चोळून माझे हात धुतले तरी होईल, असं मी घसा फोडून सांगितलं. ऐकतो कोण. मीनाने म्हाताऱ्याला नारळ दिला, हेमकांतने पंधरा दिवस ताक-भात खाल्ला, रंग जरा निवळला. आणि कावीळ उतरली म्हणून आनंदाने पाहुणे बोलावले. पहिला घोट कोणाचा ते सांगायला नको.

असं तीनदा झालं. तीनदा कावीळ उतरवली आणि तीनदा ती उतरल्याची पार्टी केली. आतमध्ये लिव्हर आकसत गेलं ते कोणाला दिसलं? हात धुतलेलं पाणी दिसत होतं ना पिवळं, बस्स.

शेवटी एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, त्याला उलटी झाली. रक्ताची. थोडीथोडकी नाही. पांढऱ्या पंच्यावर, ताटावर, शेजारच्या माणसाच्या बासुंदीत. मी समोरच्या पंगतीत होते. नवरीची आई किंचाळली, वाजंत्री थांबली आणि माझ्या भावाच्या तोंडातून ते काळंलाल येतच राहिलं. मला बहीण म्हणून कळवळायला हवं होतं. मला शिसारी आली. पंगतीतून उठून पळावंसं वाटलं. पळाले नाही, डोकं धरलं त्याचं, पण वाटलं ते खोटं कशाला सांगू.

चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात नेलं. तिथे त्यांनी रक्त थांबवलं, पोटात सुई घालून साठलेलं पाणी काढलं. बादलीभर पिवळं पाणी. हातपाय काटक्या, पोट नवव्या महिन्याच्या बाईसारखं आणि त्यावर निळ्या शिरांचं जाळं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. लिव्हर संपलंय, पिणं आजपासून बंद, आणि जगायचं असेल तर दुसऱ्याचं लिव्हर बसवावं लागेल, मोठ्या शहरात विचारा म्हणाले.

सुरतेच्या मोठ्या हॉस्पिटलात विचारलं. तिथल्या डॉक्टरने समजावून सांगितलं की घरच्या माणसाच्या लिव्हरचा तुकडा काढून बसवता येतो, देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. पण दोन अटी. देणारा निरोगी हवा. आणि घेणाऱ्याने सहा महिने दारूला शिवायचं नाही, नाहीतर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून आम्ही ते काम करणार नाही.

मग तपासण्या सुरू झाल्या. मीनाला साखरेचा आजार, ती बाद. मी म्हातारी, मीही बाद. सगळ्यांच्या नजरा धीरजकडे. तरणाबांड गडी, उंची बापाची, मिशी बापाची. डॉक्टरने त्याची सोनोग्राफी केली आणि वर मान करून विचारलं, तू किती पितोस? अठ्ठाविसाव्या वर्षी पोराच्या लिव्हरवर चरबी चढलेली, सूज आलेली. बापाने स्वतःच्या हाताने पेला भरून दिला होता, आता बापाला द्यायला पोराकडे चांगलं लिव्हर नव्हतं. त्या खोलीत मला हसू आलं, खरंच आलं, तोंडावर हात दाबावा लागला.

उरली दामिनी.

ही पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे तापीच्या बॅरेजच्या रस्त्यावर धावायची, गोळा फेकायची, संध्याकाळी पुन्हा धावायची. पायाला फोड आले की हळद लावून धावायची. तिला घरातून बाहेर पडायचं होतं, वर्दी घालून, स्वतःच्या पायावर. उन्हाळ्यात मैदानी परीक्षा होती. पोट उभं-आडवं चिरल्यावर त्या परीक्षेचं काय होणार ते तिला डॉक्टरने सांगायची गरज नव्हती. शिवाय धोका होता तो निराळाच. देणाऱ्याचा जीव जातही नाही सहसा, पण सहसाच, असं डॉक्टर म्हणाले आणि मीनाने तो शब्द घट्ट धरून ठेवला.

घरी बैठक बसली. चुडामणही आला होता, त्याच्याशिवाय आमच्या घरात पान हलत नाही ना. तो म्हणाला, पोरगी उद्या लग्न होऊन परक्या घरी जाणार, जायच्या आधी बापाचं एवढं ऋण फेडलं तर काय बिघडलं. हा माणूस, ज्याने पेल्यामागून पेले पुढे केले, तो माझ्या भाचीच्या पोटातला तुकडा वाटून मोकळा झाला. स्वतःचं लिव्हर तपासायला चल म्हटलं मी त्याला. त्याला लगेच गाडी निघायची घाई झाली.

हेमकांत झोपाळ्यावर बसला होता. त्याने पोरीचे दोन्ही हात धरले आणि हुंदके द्यायला लागला. "बेटा, तुन्हा बापले वाचाड."

दामिनी मला फुई म्हणते, आत्याला आमच्यात फुई म्हणतात. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि बापाला हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून तिचं धावणं बंद. वजन कमी-जास्त होऊ नये, आजारी पडू नये म्हणून तिला जपायला लागले. पोळ्याचा बैल जपतात तशी.

आणि हेमकांत सुधारला. हो, सुधारला. बाटली गेली, ताक आलं. झोपाळ्यावर बसून भजनं लावायचा, मीनाला हाक मारून भाजीत काय आहे विचारायचा. मीनाच्या चेहऱ्यावर रंग आला. तिने मला फोन केला आणि पहिल्यांदाच दोन मिनिटांहून जास्त बोलली, गोधडी कोरडी असते ताई म्हणाली. ऐकून मलाच भरून आलं. बाईच्या सुखाची मजल कुठवर, तर गोधडी कोरडी आहे!

सुरतेला शेवटच्या तपासणीची तारीख मिळाली आणि त्याच सुमाराला सारंगखेड्याची जत्रा भरली. घोडे आले, मागोमाग चुडामण आला. या वेळी आजारी भावाला बघायला. बरोबर आणखी दोघे. बाटली त्यांनी वाटेतच घेतलेली. आपण तर काही हेमकांतला देणार नाही, आपली आपण घेऊ, असं ओट्यावर बसताना म्हणाले.

पुढचं मला मीनाने नंतर सांगितलं. ती आत भजी तळत होती. ओट्यावरच्या झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या, त्या एकदम थांबल्या. तिने खिडकीतून बघितलं. चुडामणने पेला भरून हेमकांतसमोर धरला होता. घरधन्या, नुसता ओठ लाव, रीत मोडू नको, आम्ही तहानलेले बसलोय, असं काहीतरी हसत म्हणत होता. हेमकांतने ओठ लावला. मग मान मागे टाकली आणि पेला रिकामा केला. मग स्वतःहून पेला पुढे केला. दुसऱ्यांदा पीत असताना त्याची नजर खिडकीकडे गेली, दोघांची नजरानजर झाली. लाज वाटली असेल? मिशी पुसली आणि पाहुण्यांना चहा ठेव म्हणाला.

मीनाने चहा ठेवला. कोणाला काही बोलली नाही, मलाही नाही, दामिनीलाही नाही. मी दोन दिवसांनी त्यांच्याबरोबर सुरतेला गेले तेव्हा गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, पोरीच्या काळजीत आहे.

डॉक्टरांनी सगळ्यांना एकाच खोलीत बसवलं. कागद सगळे बरे होते. रक्ताचा रिपोर्ट यायचा बाकी होता, पण त्यांना माणसांच्या तोंडून ऐकायचं होतं. सरळ विचारलं, या सगळ्या काळात एकदाही घेतली का? खरं सांगा, कारण टेबलावर तुमच्या शेजारी तुमची मुलगी असणार आहे.

आणि माझ्या भावाने काय करावं? शेजारी बसलेल्या दामिनीच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात, जो श्रावणात थरथरत होता. आता थरथरला नाही. "पोरनी शप्पथ साहेब, थेंब बी नही."

दामिनी बापाच्या हाताखाली मान वाकवून बसली होती. तिला काही माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. मीना उठून उभी राहिली. तिने हेमकांतचा हात पोरीच्या डोक्यावरून उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवून दिला, जेवणानंतर ताट बाजूला सारतात तसा. तिला मराठी, हिंदी काही सुचलं नाही. ती घरच्या बोलीत बोलली.

"नही साहेब. यास्नी पिधी. मी मन्हा डोयाघाई देखं. मन्ही पोरनं काही कापू नका."

‘पिधी’ला गुजरातीतही ‘पिधी’च म्हणतात. डॉक्टरला समजावून सांगावं लागलं नाही. त्याने फाईल मिटली.

हेमकांत तिच्यावर धावून जायला उठला, पण पोटाच्या ओझ्याने पुन्हा खुर्चीत बसला. रांडे, मला मारलंस, म्हणाला. डॉक्टरसमोर, पोरीसमोर. मी त्याची मोठी बहीण, त्याला कडेवर घेऊन फिरलेली. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला तिथे भाऊ दिसेना. पिवळे डोळे, तोंडाच्या कोपऱ्यात फेस, आणि आपला जीव, आपला जीव, आपला जीव. तिथून आजवर मला त्याची किळस आलेली आहे आणि ती गेलेली नाही.

पुन्हा पहिल्यापासून सहा महिने, असं डॉक्टर म्हणाले होते. हेमकांतने घरी येऊन त्याच दिवशी बाटली उघडली. आता लपवायचं कशाला? शेवटी शेवटी त्याला माणसं ओळखू येईनात. मीनाला चुडामण म्हणायचा, माझ्यावर थुंकायचा, अंगावरचे कपडे काढून ओट्यावर यायचा. तरी मीनाने केलं सगळं. पुसलं, धुतलं, भरवलं. होळीच्या आधी तो गेला.

आणि गावाने निकाल दिला की बाईने नवऱ्याला खाल्लं. एक शब्द कमी बोलली असती तर माणूस वाचला असता. मला तोंडावर येऊन सांगणाऱ्या एकीला मी विचारलं, तुझी पोरगी देतेस का कापायला? तेव्हापासून ती मला बघून रस्ता बदलते. बदलू दे.

उत्तरकार्याला पलीकडची सगळी मंडळी आली. पांढरे कपडे, मोठमोठे हुंदके. जेवणं झाली. हात धुऊन चुडामण झोपाळ्यावर बसला, बरोबरचे दोघे-तिघे ओट्यावर. मी दारातच होते. हेमकांतला काय आवडायचं ते सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या आत्म्याला शांती मिळावी, असं चुडामण म्हणाला आणि गाडीतून बाटली आली. हेमकांतच्या फोटोला घातलेला हार अजून ताजा होता. पेले मांडले गेले. एक भरला गेला. आणि सगळे धीरजकडे बघायला लागले.

रीत ना! नवा घरधनी.

धीरजने माझ्याकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं नाही. पेल्याकडे बघितलं. त्याचा हात पुढे गेला. तो हातही जरासा कापत होता, मी शपथेवर सांगते, जरासा कापत होता.

त्याच्या बोटांना पेला लागायच्या आत मीनाने तो उचलला. ती कधी बाहेर आली ते मला कळलं नाही. डोक्यावरचा पदर जागेवर, डोळे कोरडे. उभ्या जन्मात या बाईने सासऱ्याच्या, दिराच्या समोर ओट्यावर पाऊल टाकलं नव्हतं.

"घरधनी आते मी शे," ती म्हणाली. "पहिला घोट मन्हा."

आणि प्यायली. तोंड भरून घेतला तो घोट. मीनाने तो क्षणभर तोंडात धरला, डोळे मिटले, जणू इतकी वर्षं जिने आपलं घर खाल्लं ती लागते तरी कशी ते बघत होती. मग थुंकली. चुडामणच्या पायांवर, त्याच्या पांढऱ्या धोतरावर. पेला उरलेल्या दारूसकट अंगणात फेकला आणि आत जाऊन चूळ भरायला लागली. चूळ भरल्याचा आवाज बाहेर ओट्यापर्यंत येत होता. पुन्हा पुन्हा भरत होती.

मंडळी उठली. चपला शोधायची घाई झाली. चुडामण काही बोलणार होता, पण मी दारात उभी होते आणि मी तोंड उघडलं की काय होतं ते त्याला लहानपणापासून माहीत आहे. माझ्या आयुष्यात मला इतका आनंद क्वचित झाला. वाटलं, संपलं. आमच्या ओट्यावरची ही घाण आज संपली.

धीरज त्यांना हद्दीपर्यंत सोडायला म्हणून मोटारसायकल घेऊन गेला. पाहुण्यांना वाटेला लावून यायला हवं म्हणाला. दिवेलागणीला परत आला. मी ओट्यावरच बसले होते. तो खाली मान घालून माझ्याजवळून आत जायला लागला आणि मी श्वास ओढून घेतला.

वास येत होता.

मीनाने त्याचं ताट वाढून ठेवलं होतं. तिनेही वास घेतलाच असणार, तिच्याइतकं कोणाला कळणार. मी मागच्या अंगणात गेले. दामिनी बूट घालत होती. ती पुन्हा धावायला लागली होती, भरतीची मैदानी अजून व्हायची होती. बापाचं सुतक फिटलं त्याच संध्याकाळी पोरगी बुटाच्या नाड्या बांधत होती आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की रडू आलं. भावासाठी आलं नव्हतं, ते तिच्यासाठी आलं.

फुई, काय झालं म्हणाली. तिला वाटलं मी तिच्या बापासाठी रडते.

मी तिच्याजवळ बसले, तिचा दुसऱ्या पायाचा बूट हातात दिला आणि सांगितलं, भरती हो, आणि जितकं लांब मिळेल तितकं लांबचं ठिकाण माग. गडचिरोली दिलं तरी जा. आईला तिकडे घेऊन जा. आणि आणखी एक सांगितलं, ते अहिराणीतच तोंडातून निघालं.

"तुन्हा भाऊ बी एक दिन मांगी, बेटा. तवय फोन उचलू नको."